एमबीएचा कोड

मागच्या शनिवारी सकाळी चुलत बहिणीची लेक लॅपटॉप घेऊन घरी आली. मुंबई विद्यापीठाची बीएमएस, तीन वर्षं मार्केटिंगची नोकरी, आणि आता अमेरिकेतल्या दोन बी-स्कूलची प्रवेशपत्रं हातात. एक नाव असं, की नातेवाइकांत कुणालाही सांगितलं तर भुवया वर जातील. दुसरं मला गूगल करावं लागलं. पण दुसरीकडून थोडी स्कॉलरशिप होती आणि पत्राच्या तळाशी एक ओळ होती: हा अभ्यासक्रम 'स्टेम' गटात मोडतो.

"मामा, तू सॉफ्टवेअरवाला ना? मग सांग, एमबीए कधीपासून इंजिनिअरिंग झालं?"

प्रश्न एकदम रास्त. उत्तर मात्र लांबलचक. बायकोने पोहे टाकले होते त्यामुळे भाची पळून जाऊ शकत नव्हती. तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट, तारखा पुन्हा तपासून लिहितोय. गोष्ट एमबीएची आहे, पण तिच्यात आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांची लुडबुड सगळीकडे आहे.

सुरुवात माझ्या जुन्या रूममेटपासून करतो. आम्ही त्याला शेठ म्हणायचो, कारण हॉस्टेलवर गुलाबी कागदाचं पेपर वाचणारा तो एकटाच. कॉम्प्युटरचा बीई. पुण्यात एका कंपनीत आम्ही शेजारी शेजारी बसून डेटाबेसच्या क्वेऱ्या लिहायचो. त्याला त्याचा मनापासून कंटाळा. रात्री जागून जीमॅट दिली, २००७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेला गेला. बाबांनी कोथरूडचा फ्लॅट बँकेकडे तारण ठेवला. बँकांच्या संघटनेनं २००१ मध्ये आखलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत परदेशी शिक्षणासाठी पंधरा लाखांची मर्यादा होती आणि साडेसात लाखांच्या वर तारण लागायचं. उरलेले पैसे त्याने तिकडेच कर्जाऊ घेतले. हिशोब सोपा होता. दोन वर्षं शिकायचं, न्यूयॉर्कला बँकेत लागायचं, तीन वर्षांत कर्ज फेडायचं. त्या वर्षीचे पगाराचे आकडे बघितले तर हिशोबात काही चूक नव्हती.

चूक वेगळ्याच ठिकाणी होती. ती समजायला थोडं मागे जावं लागेल.

अमेरिकेचा एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. वर्षाला ६५,००० ची मर्यादा त्याच कायद्यात घातलेली. हा व्हिसा कुणाला? तर ज्या कामासाठी एका ठरावीक विषयातली पदवी लागते, ते काम करणाऱ्याला. इथेच एमबीएची पंचाईत सुरू होते. इंजिनिअरच्या कामाला इंजिनिअरिंग लागतं, अकाउंटंटला अकाउंटन्सी लागते. पण मॅनेजरला काय लागतं? एमबीएची सगळी जाहिरात तर हीच, की हे शिकलात तर काहीही सांभाळू शकाल. कायदा म्हणतो, काहीही सांभाळणाऱ्याला आम्ही ओळखत नाही, नेमकं काय ते सांगा.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. २००७ मध्ये, म्हणजे शेठ विमानात बसला त्याच वर्षी, बॉस्टनच्या अपील कोर्टात एक निकाल लागला. ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका थाई रेस्टॉरंटला मॅनेजर हवा होता आणि त्याच्यासाठी एच-१बी मागितला होता. खटल्याचं नाव रॉयल सियाम. कोर्टाने सांगितलं, की बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनसारखी सर्वसाधारण पदवी पुरेशी आहे असं तुम्हीच म्हणत असाल, तर ते काम 'विशेष' ठरत नाही. आता रेस्टॉरंटचा मॅनेजर कुठे आणि वॉल स्ट्रीट कुठे! पण निकालातलं वाक्य दोघांनाही लागू पडतं. मोठ्या कंपन्यांचे वकील यातून वाट काढायचे. एमबीए असं मोघम न लिहिता फायनान्स, स्टॅटिस्टिक्स, कुठले कुठले विषय घेतले याची यादी जोडायचे. पण मूळ गोष्ट लक्षात ठेवा: ज्या पदवीचं नाव जगभर ओळखतात, तिला व्हिसाच्या कायद्यात स्वतःची जागा नाही.

आता आमची लुडबुड. नव्वदच्या दशकात भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांनी हा व्हिसा भरपूर वापरला. वाय-टू-केचे दिवस. १९९८ च्या कायद्यात मर्यादा तात्पुरती १,१५,००० वर नेली, २००० च्या कायद्याने तीन वर्षांसाठी १,९५,००० वर नेली, आणि २००४ च्या आर्थिक वर्षापासून परत ६५,०००. अमेरिकेतच मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळ्या २०,००० जागा २००४ च्या शेवटी झालेल्या कायद्याने ठेवल्या. एमबीए झालेलेही त्या २०,००० मध्ये बसतात. पण १९९८ च्या त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, आमच्यासारख्यांना वेसण घालण्यासाठी. ज्या कंपनीत पन्नासहून जास्त माणसं आहेत आणि त्यातली १५ टक्के किंवा जास्त एच-१बीवर आहेत, ती कंपनी 'एच-१बीवर अवलंबून' समजायची. अशा कंपनीने लिहून द्यायचं, की आम्ही आधी स्थानिक माणूस शोधला आणि कुणा स्थानिकाला काढून याला घेतलं नाही. माणूस मास्टर्स झालेला असेल किंवा पगार ६०,००० डॉलर असेल, तर यातून सूट. बँकांना या कलमाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांच्याकडे १५ टक्के कुठून असणार?

हे कलम लक्षात ठेवा, पुढे येतंय.

२००८ च्या एप्रिलमध्ये दुसरी लुडबुड. विद्यार्थ्याला डिग्रीनंतर एक वर्ष काम करायची परवानगी मिळते, तिला ओपीटी म्हणतात. एक वर्ष म्हणजे किती, तर एच-१बीच्या लॉटरीचा एकच एप्रिल. मे महिन्यात डिग्री, पुढच्या एप्रिलमध्ये अर्ज, नंबर लागला तर ऑक्टोबरपासून व्हिसा. नाही लागला तर बॅग भरा. २००७ मध्ये अर्ज घ्यायला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी कोट्याच्या वर अर्ज येऊन पडले. २००८ मध्ये पहिल्या पाच दिवसांत एक लाख त्रेसष्ट हजारांच्या आसपास. मग सरकारने नियम काढला. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणितवाल्यांना, म्हणजे स्टेमवाल्यांना, ओपीटीवर आणखी १७ महिने. कुठले विषय स्टेम, याची यादी जोडलेली, प्रत्येक विषयाला एक कोड. साध्या एमबीएचा कोड ५२.०२०१. तो यादीत नव्हता.

आणि शेठचा भारतातला बीई? त्याचा इथे उपयोग शून्य, कारण ज्या अमेरिकन पदवीवर ओपीटी घेताय तीच तेव्हा स्टेम असायला हवी होती. थोडक्यात काय, तर त्याच्याबरोबर बीई झालेला आणि तिकडे एमएस करायला गेलेला वर्गमित्र २९ महिने राहू शकत होता, आणि दुप्पट फी भरलेला शेठ १२. या नियमाची बातमी आली तेव्हा शेठने मला मेल केली होती. विषयाच्या जागी फक्त तीन उद्गारचिन्हं.

तरीही त्याला काळजी नव्हती. २००८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला एका बँकेत इंटर्नशिप झाली. काम आवडलं, ऑगस्टच्या शेवटी ऑफर हातात. घरी पेढे वाटले. मलाही कुरिअरने पाव किलो आले होते.

१५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ३ ऑक्टोबरला बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरचा कायदा झाला. पण एमबीएच्या पोरांची गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. आधी कर्ज गेलं. सिटीबँक अमेरिकेतल्या बड्या बी-स्कूलमधल्या परदेशी मुलांना स्थानिक जामिनाशिवाय कर्ज द्यायची. २००८ च्या उत्तरार्धात तिने हात वर केले. शेठने पैसे आधीच उचलले होते म्हणून वाचला. खालच्या वर्गातल्या पोरांची तारांबळ उडाली आणि कॉलेजं दुसरी सोय शोधत फिरू लागली.

मग ऑफरवर गदा आली. १७ फेब्रुवारी २००९ ला ओबामांनी मंदीवर उतारा म्हणून मोठ्या खर्चाच्या कायद्यावर सही केली. त्यात सिनेटर बर्नी सँडर्स आणि चक ग्रासली यांनी घातलेली एक तरतूद होती. एक डावा, एक उजवा, पण या बाबतीत एकमत. ज्या बँकेने सरकारी मदत घेतली, ती नव्या भरतीसाठी 'एच-१बीवर अवलंबून' कंपनी समजायची. तिच्याकडे अशी दहा माणसं असोत की दोनशे. आणि मास्टर्सवाल्यांची ती सूट? ती या बँकांना नाही.

कळलं का काय झालं? सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी दहा वर्षांपूर्वी शिवलेला सदरा उचलून वॉल स्ट्रीटच्या अंगावर चढवला. सदरा बसला एमबीएच्या पोरांना. कायद्याने बंदी घातली नव्हती, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. फक्त लिहून द्यायचं होतं, की आधी स्थानिक माणूस शोधला आणि कुणाला काढलं नाही. पण हजारोंनी माणसं काढत असलेली बँक असं कशी लिहून देणार? आणि सरकारी पैशावर जगताना परदेशी पोरांसाठी कागदपत्रांची लढाई कोण लढणार? मार्च २००९ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने परदेशी एमबीए विद्यार्थ्यांच्या ऑफर मागे घेतल्याची बातमी आली. शेठची बँक वेगळी होती, तिचं नाव इथे लिहीत नाही. त्याला एचआरचा फोन आला, सव्वाचार मिनिटांचा. त्याने वेळ मोजली होती. डिग्री मिळायला दोन महिने होते.

त्यानंतरचा त्याचा उन्हाळा मी फोनवरून ऐकला. २००८ च्या त्याच नियमात आणखी एक ओळ होती: ओपीटीवर असताना एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिलात तर मुक्काम संपला. शेठने कॅलेंडरवर उलटी गिनती सुरू केली. घरी काही सांगितलं नाही. बाबा दर रविवारी विचारायचे, जॉइनिंग कधी? हा सांगायचा, पुढे ढकललंय. तारण ठेवलेल्या फ्लॅटमध्ये बसून ते हे ऐकत होते, आणि मला सगळं माहीत असून मी दर महिन्याला त्यांच्याकडे जाऊन चहा पिऊन यायचो. ते दिवस मला अजूनही नको वाटतात.

८१ व्या दिवशी नोकरी मिळाली. न्यू जर्सीत एक छोटी कंपनी, चाळीसेक माणसांची. काम काय, तर डेटाबेसच्या क्वेऱ्या. पगार बँकेच्या ऑफरच्या निम्म्याहून कमी. ज्याचा कंटाळा येऊन देश सोडला तेच काम, फक्त टाय लावून.

आणि गंमत बघा. सप्टेंबर २००९ मध्ये कंपनीने त्याचा एच-१बीचा अर्ज टाकला आणि तो सरळ मंजूर झाला. लॉटरी नाही, काही नाही. कारण त्या वर्षी कोटा भरायला २१ डिसेंबर उजाडला! दोन वर्षांपूर्वी एका दिवसात संपलेले व्हिसा आता जवळजवळ नऊ महिने पडून होते. तेजीत नोकऱ्या होत्या तेव्हा व्हिसा नव्हता, आणि व्हिसा होता तेव्हा नोकऱ्या नव्हत्या. अर्जात वकिलाने पात्रता म्हणून कोणती पदवी पुढे केली? बीई, कॉम्प्युटर. एमबीएचा उल्लेख दुसऱ्या पानावर.

शेठचं पुढे ठीक झालं. कर्ज तीनऐवजी सात वर्षांत फिटलं, बाबांना फ्लॅटचे कागद परत मिळाले. नंतर तो पुण्यात परत आला. सँडर्स-ग्रासली तरतूद दोन वर्षांची होती, ती फेब्रुवारी २०११ मध्ये आपोआप संपली. तोवर २००९ आणि २०१० च्या बॅचचे निकाल लागून गेले होते.

इथे भाचीने विचारलं, "मग सगळे इंग्लंडला का नाही गेले?" चांगला प्रश्न. ब्रिटनने एकदा एमबीएला चक्क नावाने ओळखलं होतं. २००५ मध्ये त्यांच्या उच्च-कुशल स्थलांतरितांच्या योजनेत, सरकारने केलेल्या यादीतल्या पन्नास बी-स्कूलमधून एमबीए केलेल्यांना थेट पात्र ठरवलं. नोकरी हातात नसली तरी चालेल, पदवी दाखवा आणि या. २००८ मध्ये नवी गुणपद्धत आली आणि ती योजना मागे पडली. त्याऐवजी तिथे शिकणाऱ्या सगळ्यांनाच शिक्षणानंतर दोन वर्षं कामाची परवानगी मिळू लागली. एप्रिल २०१२ मध्ये तीही बंद. जुलै २०२१ मध्ये पुन्हा दोन वर्षं सुरू. आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडीवाले सोडून, दीड वर्ष. म्हणजे दार उघडायचं, लावायचं, परत उघडायचं, अर्धं लावायचं. एमबीएचा अभ्यासक्रम एक-दोन वर्षांचा, तयारीचं वर्ष धरलं तर तीन. प्रवेश घेताना असलेला नियम बाहेर पडताना असेलच, असं म्हणायची सोय ना तिथे, ना अमेरिकेत.

पण अमेरिकेतल्या बी-स्कूल स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी जे केलं ते बघून प्रोग्रॅमर म्हणून मला हसूच आलं. नियम बदलत नाही ना? मग टाइप बदला. स्टेमच्या यादीत पुढे मॅनेजमेंट सायन्सचा कोड आला, ५२.१३०१. मार्च २०१६ च्या नियमाने १७ महिन्यांचे २४ झाले, म्हणजे स्टेमवाल्याला एकूण तीन वर्षं, लॉटरीचे तीन एप्रिल. आता एक वर्ष आणि तीन वर्षं यात केवढा फरक! मग रोचेस्टर विद्यापीठाच्या सायमन बी-स्कूलने २०१८ च्या सुमारास पूर्णवेळ एमबीएला स्टेमचा शिक्का मिळवून दिला. अभ्यासात गणित आणि डेटाचं प्रमाण पुरेसं आहे, हे दाखवून. पुढच्या दोन-तीन वर्षांत मोठमोठी नावं रांगेत आली. कुणी अख्खा अभ्यासक्रम बदलला, कुणी ठरावीक विषय घेतले तरच शिक्का देतं. वर्ग बऱ्यापैकी तेच, प्राध्यापक तेच. कोड बदलला आणि पोरांना दोन वर्षं जास्त मिळाली.

"म्हणजे एमबीए इंजिनिअरिंग झालं नाही. एमबीएने इंजिनिअरिंगचा टी-शर्ट घातला," भाची म्हणाली. हुशार आहे.

पण टी-शर्टने सगळं भागत नाही. ओपीटीची तीन वर्षं कोडवर मिळतात, पुढचा एच-१बी परत त्याच जुन्या प्रश्नावर अडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने नियमाचा मसुदा काढला. त्यात बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं नाव घेऊन लिहिलं होतं, की अशी सर्वसाधारण पदवी, पुढे काही विशेष विषय नसेल तर, चालणार नाही. रॉयल सियामच पुन्हा. भरपूर हरकती गेल्या आणि डिसेंबर २०२४ च्या अंतिम नियमातून ते शब्द काढले. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरची फी जाहीर केली. तो शनिवार-रविवार आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर कसा गेला ते विचारू नका. ऑक्टोबरमध्ये खुलासा आला, की देशातच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर येणाऱ्यांना ती लागू नाही. म्हणजे तिकडे शिकलेल्यांना तेवढा दिलासा. आणि डिसेंबर २०२५ मध्ये लॉटरीचाच नियम बदलला: त्या कामाच्या पगारपातळीप्रमाणे चिठ्ठ्या. सगळ्यात वरच्या पातळीला चार, सगळ्यात खालच्या पातळीला एक. नुकताच पास झालेला मुलगा सहसा खालच्या पातळ्यांवर असतो, एमबीए असला तरी.

पोहे संपले होते. मी स्पीकरवर शेठला फोन लावला. म्हटलं, बाबा रे, तूच सांग हिला.

त्याने सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला, "तुझं बीई कशात?"

"काका, मी बीएमएस आहे."

तो जरा थांबला. मलाही तेव्हाच उलगडलं. शेठला बुडताना ज्या फळीने वाचवलं ती हिच्याकडे नाही. हिची पहिली पदवीही मॅनेजमेंटची, दुसरीही मॅनेजमेंटची.

"मग असं कर," तो म्हणाला. "दोन्ही कॉलेजांना मेल टाक. आय-२० वर नेमका कोणता कोड छापून येणार, एवढंच विचार. स्टेम आहे का असं विचारू नकोस. ते 'हो, पर्याय आहे' म्हणतात आणि तो पर्याय कुठल्या विषयांवर अवलंबून आहे ते दुसऱ्या सत्रात कळतं. आणि कर्जाचा हप्ता भारतातल्या पगारात भरता येईल का, ते आधी बघ. येत असेल तर खुशाल जा. मला शिकायला मिळालं त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण घर तारण ठेवणार असाल तर बाबांना सगळं खरं सांगून ठेव. मी सांगितलं नव्हतं."

शेवटचं वाक्य त्याने इतक्या वर्षांत मला कधी म्हटलं नव्हतं.

भाचीने तिथेच बसून दोन मेल लिहिले, मी स्पेलिंग तपासली. दुसऱ्या, कमी नावाच्या कॉलेजाचं उत्तर सोमवारी आलं: ५२.१३०१, सगळ्यांना. नावाजलेल्या कॉलेजाकडून आपोआप आलेलं 'आपला मेल मिळाला' एवढंच. वाट बघतोय. तिने काय ठरवलं ते कळलं की लिहीनच.